फॉर्म पाठवू नका, बसायला या

गोवा विद्यापीठात आणि गोव्यातल्या महाविद्यालयांत डिजिटल कौशल्यांवर संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना,

सप्रेम नमस्कार.

डिचोली तालुक्यातल्या साखळी गावच्या बाजारात माझा एक छोटा गाळा आहे. तिथे मी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. १९९८ मध्ये याच गाळ्यात टायपिंगचा क्लास काढला होता. सहा मशिनं होती, चार इंग्रजी आणि दोन मराठी. एलडीसीच्या, म्हणजे सरकारी कारकुनाच्या, परीक्षेला बसणाऱ्या मुली आसपासच्या गावांतून यायच्या. पुढे मशिनं अडगळीत गेली, संगणक आले आणि क्लास संगणकाचा झाला. आता क्लास उरलेला नाही. एक संगणक, एक प्रिंटर, बोटाचा ठसा घ्यायचं यंत्र आणि दाराबाहेर एक बाकडं, एवढाच संसार. उत्पन्नाचा दाखला, वीजबिल, कॉलेजचा प्रवेश, नोकरीचे अर्ज, गृह आधार आणि दयानंद सामाजिक सुरक्षा या सरकारी योजनांचे अर्ज, असं दिवसभर चालू असतं.

तुम्हाला पत्र लिहायचं कारण गेल्या जूनमध्ये घडलं. कुठल्याशा महाविद्यालयाच्या एका संशोधक मुलाने डिजिटल कौशल्य आणि रोजगार या विषयावरची प्रश्नावली व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. ती आमच्या भागातल्या स्वयंसाहाय्य गटांच्या ग्रुपवर पोचली. गटाच्या प्रमुखबाईंनी सांगितलं की सगळ्यांनी भरा, मुलाचं काम आहे. दोन दिवसांत अकरा बायका मोबाइल घेऊन माझ्या बाकड्यावर येऊन बसल्या आणि तो फॉर्म मी भरला, अकराही जणींचा. सगळे प्रश्न इंग्रजीत होते. मी वाचून अर्थ सांगायचा, त्यांनी उत्तर द्यायचं, मी बटण दाबायचं.

त्यात एक विधान होतं : मी ऑनलाइन फॉर्म स्वतः भरू शकते. पूर्ण असहमतपासून पूर्ण सहमतपर्यंत पाच गोल. मी एकीला विचारलं, काय घालू? ती म्हणाली, "भरतां न्हय गो हांव, तुजेकडेन." भरते की मी, तुझ्याकडे. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या दृष्टीने फॉर्म भरला जातो, वेळेवर जातो, पैसे खात्यात येतात. गावातला माणूस दळण दळून आणतो म्हणतो तेव्हा चक्की तो स्वतः फिरवतो का? मी 'सहमत' दाबलं. त्या मुलाच्या प्रबंधात त्या अकरा ओळी अकरा ग्रामीण महिलांच्या नावाने गेल्या असतील. मोजलं गेलं ते माझं टायपिंग. आणि ज्यांच्याकडे तो फॉर्म पोचलाच नाही, किंवा ज्या माझ्यापर्यंत येऊ शकल्या नाहीत, त्या तर मोजणीच्या बाहेरच राहिल्या.

मुलाचा दोष नाही. त्याला मुदत होती, मार्गदर्शकांनी नमुन्याचा आकडा ठरवून दिला असणार, आणि घरोघर फिरायला पैसे कोण देतं? पण तेव्हापासून हा विषय डोक्यातून जाईना. त्याआधी एक संशोधक मुलगी दोन-तीन महिने माझ्याकडे येऊन बसायची. जाताना तिने तिच्याजवळचे लेखांचे प्रिंट माझ्याकडे ठेवले होते. शब्दकोश घेऊन, रात्री जेवणं आटपल्यावर, मी ते वाचत गेले. काही दोनदा वाचले.

वाचताना समजलं की आपण रोज करतो त्या कामावर जगात किती अभ्यास चालला आहे. पॉल गिल्स्टर यांनी १९९७ मध्ये डिजिटल साक्षरता हा शब्द लोकांपुढे ठेवला. युरोपीय आयोगाने २०१३ मध्ये नागरिकांच्या डिजिटल क्षमतांचा आराखडा काढला. पाच क्षेत्रं आणि २१ क्षमता. तो सुधारत सुधारत २०२२ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत आला. २०२० मध्ये शाळा आणि कचेऱ्या बंद पडल्या आणि त्यानंतर तर या विषयावर लेखांचा पूरच आला. आपल्याकडे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, घरोघर विचारलं गेलं. पाच वर्षांवरच्या लोकांत संगणक चालवता येणारे ग्रामीण भागात साधारण १० टक्के आणि शहरात ३२ टक्के निघाले. अभ्यास वाढतो आहे याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या बाकड्याची कोणी दखल घेतली, हेही कमी नाही.

पण मोजण्याची पद्धत बदलली की निष्कर्ष किती बदलतो, हेही त्याच कागदांत दिसलं. ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न यांनी २०१३ मध्ये हिशेब मांडला की अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्या यंत्रांमुळे धोक्यात आहेत. २०१६ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी २१ देशांसाठी तोच प्रश्न घेतला आणि उत्तर सरासरी ९ टक्के आलं. पहिल्यांनी अख्खा व्यवसाय धरला होता. दुसऱ्यांनी त्या व्यवसायातला माणूस दिवसभर कोणकोणती कामं करतो ते धरलं. ४७ आणि ९ मधला फरक जवळून बघण्यातून आला आहे.

मला सगळ्यात आवडला तो एस्तर हारगिट्टाई यांचा २००२ चा अभ्यास. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या एका परगण्यातली ५४ माणसं त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली. प्रत्येकाला संगणकापुढे बसवलं आणि कामं दिली. अमुक माहिती शोधा, कर भरायचा फॉर्म मिळवा. आणि शेजारी बसून बघितलं, किती वेळ लागतो, कुठे अडतं. इंटरनेट सगळेच वापरत होते, तरी एकाला जे काम काही सेकंदांत जमलं ते दुसऱ्याला कितीतरी मिनिटं घेऊनही जमेना. यंत्र असणं आणि ते वापरता येणं या दोन गोष्टींतली दरी तिथे उघडी पडली. त्याच बाईंनी २००६ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. प्रत्यक्ष कामात बायका आणि पुरुष यांच्यात फारसा फरक नव्हता, पण स्वतःला गुण द्यायची वेळ आली की बायका स्वतःला कमी गुण देत. हे वाचल्यावर मी कागद बाजूला ठेवून थोडा वेळ बसून राहिले. "म्हाका कांयच येना" म्हणणाऱ्या कितीतरी बायका मी रोज बघते. त्यांतली एक कोकम आणि फणसाचे पापड विकते. गिऱ्हाइकाने पैसे पाठवल्याचा म्हणून दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर ती विश्वास ठेवत नाही. पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या डब्यातून आवाज आल्याशिवाय पिशवी सोडत नाही, आणि संध्याकाळी वहीतली बेरीज बँकेच्या मेसेजशी ताडून बघते. तुमच्या प्रश्नावलीत मात्र तिने स्वतःला पाचांपैकी एकच दिला.

हे आपल्याकडे करता येण्यासारखं नाही असं कोणी म्हणेल, तर 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२३ च्या सर्वेक्षणाकडे बघा. १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींना फोन आणायला सांगून त्यावर कामं करून घेतली गेली. गजर लावा, माहिती शोधा, नकाशावर वाटेला किती वेळ लागेल ते काढा, व्हिडिओ शोधून पुढे पाठवा. शिवाय फोन कोणाचा, हेही विचारलं गेलं. फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांत ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींत १९.८ टक्क्यांकडे. नुसतं "वापरता येतो का" विचारून थांबले असते तर मुलगे-मुलींमधला हा फरक कोणाच्या लक्षात आला असता?

आता माझ्या बाकड्यावरची एक गोष्ट सांगते, कारण ती कुठल्याच लेखात मला सापडली नाही. सुर्ल्याच्या बाजूची एक आजी येते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या काळात गावोगाव ज्या मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांतल्या एकीत ती तिसरीपर्यंत शिकली. पंचांग वाचते, देवळाच्या वर्गणीची पावती वाचते. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवलेला असतो. ओटीपी आला की फोन माझ्यापुढे धरते, "पळय गो बाय, आकडे आयले." बघ गं बाई, आकडे आले. मी बरेच दिवस समजत होते की तिला आकडे वाचता येत नाहीत. एकदा गर्दीत मी म्हटलं, आजी, तूच वाच. तिने वाचले, ठासून वाचले, आणि सहापैकी तीन चुकले. दुसऱ्यांदाही तेच तीन. मग माझ्या लक्षात आलं. इंग्रजी नऊ तिला आपला एक वाटत होता आणि इंग्रजी आठ आपला चार. ती चुकत नव्हतीच. तिला शाळेत जी लिपी शिकवली तीत ती अगदी बरोबर वाचत होती. आमच्या भागात माणूस कोंकणीत बोलतो, मराठीत वाचतो आणि पडद्यावरची बटणं इंग्रजीत असतात. एका ओटीपीत या तिन्ही भाषा येऊन आदळतात. तुमच्या तक्त्यात या बाईसमोर 'निरक्षर' येईल की 'अकुशल'?

तिची नात शाळेत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकते. २०२१ पासून सरकारने सहावी ते आठवीला सुरू केलेली ती योजना. मी नातीला हे सांगितलं. तिने लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वर आपले दहा आकडे आणि खाली इंग्रजी दहा आकडे लिहिले, पत्रिका कापून फोनच्या पिशवीत सरकवली. पुढच्या महिन्यात आजीने पत्रिका फोनशेजारी धरून, बोट ठेवत ठेवत, सहाही आकडे वाचले. शेवटचा वाचून झाल्यावर माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. गाळ्यातली माणसं गप्प होती.

पण त्याच रात्री मला झोप लागली नाही. तुम्हाला हे कळलं पाहिजे म्हणून लिहिते. गेली कित्येक वर्षं मी या लोकांना दिवसातून पन्नास वेळा सांगते, ओटीपी आला की मला वाचून दाखवा. बँकेतून बोलतोय असं सांगणारा चोर फोनवर नेमकं हेच सांगतो. फसवणूक झालेली माणसं माझ्याकडेच धावत येतात, सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० वर फोन मीच लावून देते. मदत करता करता मी त्यांना कुठली सवय लावली? माझ्या कपाटात एक लाँगबुक आहे, त्यात लोकांचे पासवर्ड आहेत. त्यांनीच लिहून ठेवायला सांगितलेले. ती वही मी रोज कुलपात घालते. एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी तिचे फोटो मागितले तेव्हा मी नाही म्हटलं आणि यापुढेही नाहीच म्हणेन. तो मजकूर लोकांचा आहे, हवा तर त्यांनाच विचारा. पण अशी वही असते, ती गावोगाव असते, आणि हजारो माणसांचा डिजिटल व्यवहार एका माणसाच्या भल्या-बुऱ्यावर उभा असतो, हे संशोधनात आलंच पाहिजे. मारिया बाकार्जिएवा यांनी २००५ मध्ये अशा जवळच्या जाणकार माणसाबद्दल लिहिलं आहे. तो घरातला, ओळखीतला, आपुलकीने शिकवणारा. ते वाचून मला बरं वाटलं. पण माझ्यासारखी माणसं दर अर्जामागे पैसे घेतात, दिवसाला रांग हाताळतात आणि शिकवायला त्यांना वेळ नसतो. आम्हाला कुठल्या खान्यात घालणार? एकेकट्या माणसाचं कौशल्य मोजून आमच्या गावांची स्थिती कळणार नाही. कोण कोणाकडे जातं, का जातं, काय देऊन येतं, तो माग काढावा लागेल.

आणि बदलत्या अर्थव्यवस्थेचं म्हणाल तर डिचोली तालुक्याइतकी ती कोणी जवळून बघितली असेल? सप्टेंबर २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, २०१४ मध्ये ती उठली, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द होऊन मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प झालं. ट्रक दारात उभे राहून गंजले. माझ्या ओळखीचा एक ट्रकमालक पन्नाशी ओलांडल्यावर घरपोच माल पोचवण्याच्या कामाला लागला. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, त्यानंतर तिकडच्याही फेऱ्या मिळू लागल्या. सुरुवातीला त्याला फोनवर फोटो चढवायला जमत नसे, पोरगा चिडायचा. पण खाणीच्या काळापासून त्याला एक सवय होती, प्रत्येक ट्रिप वहीत लिहायची. काट्यावरचं वजन, वेळ, फेरी. अ‍ॅपमध्ये आलेले पैसे तो रोज रात्री त्या वहीशी जुळवून बघायचा. एके दिवशी वही घेऊन माझ्याकडे आला, दोन फेऱ्यांचे पैसे लागले नव्हते. तक्रार इंग्रजीत लिहायची होती, ती मी लिहिली. तारीख, वेळ, पत्ता, सगळं त्याने सांगितलं. पैसे आले. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या तरुण पोरांचे पैसे राहिले होते की नाही, हे त्या पोरांनाच ठाऊक नव्हतं.

नेदरलँड्समधल्या फान डोर्सन आणि फान डाइक यांनी हेच मोठ्या प्रमाणावर बघितलं आहे. बटणं दाबायच्या कौशल्यात वय आडवं येतं. पण माहिती पारखणं आणि तिचा आपल्या फायद्यासाठी उपयोग करणं यात, बटणांची अडचण बाजूला काढली, तर वडीलधारी माणसं मागे नसतात. "तरुणांना जन्मतःच येतं, म्हाताऱ्यांना शिकवावं लागतं" हे २००१ पासून ऐकत आलेलं वाक्य आमच्या तालुक्यात तरी टिकत नाही. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात आहे की २०३० पर्यंत कामगारांची ३९ टक्के मूळ कौशल्यं बदलतील. हा आकडा मालकांना विचारून काढलेला आहे. या ट्रकवाल्याला कोणी विचारलं, की तुझं कुठलं जुनं कौशल्य नव्या कामात उपयोगी पडलं? मला वाटतं गोव्यातल्या संशोधनाने हा प्रश्न हातात घ्यावा. खाणीवरून निघालेली माणसं कुठे गेली, काय बरोबर घेऊन गेली आणि काय नव्याने शिकली. काही खाणी आता परत सुरू होताहेत. परत जाणारे तसेच राहिले आहेत की बदललेत, हेही आत्ताच बघता येईल. पाच वर्षांनी उशीर झालेला असेल.

माझी मागणी फार मोठी नाही. पाचशे जणांची प्रश्नावली गोळा करण्याऐवजी पन्नास माणसं घ्या आणि त्यांच्याजवळ बसा. काम त्यांचंच असू द्या, त्यांच्याच फोनवर, त्यांना जमेल त्या भाषेत. वर्षाने त्याच माणसांकडे परत या, कारण पडदे बदलतात. २० तासांचं सरकारी प्रशिक्षण नीट घेतलेली बाईसुद्धा बटणाची जागा हलली की अडते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कौशल्यांवर तुमचं लक्ष वळलं आहे ते योग्यच आहे, फोनशी बोलून काम होणार असेल तर सुर्ल्याच्या त्या आजीला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग. पण तो फोन तिची कोंकणी ओळखतो का, हे सुर्ल्यात जाऊनच तपासा. आणि जे सापडेल ते आम्हाला सांगा. आजवर माझ्या बाकड्यावर येऊन माहिती घेऊन गेलेल्यांपैकी एकानेही परत येऊन काय निघालं ते सांगितलेलं नाही. दोन पानं, मराठीत आणि कोंकणीत, पंचायतीच्या फळ्यावर लावलीत तरी चालेल. मी माझ्या दारावर लावीन, वाचून दाखवीन.

आठवड्याच्या बाजारादिवशी या, गर्दी त्या दिवशी असते. येण्याआधी कळवा, म्हणजे लोकांना आधी विचारून ठेवते. ज्याची तयारी नसेल त्याच्याशेजारी बसू नका. बाकड्यावर तिघं मावतात, चौथ्यासाठी आतली खुर्ची बाहेर काढीन. आजीला भेटायचं असेल तर मात्र लवकर निघावं लागेल. ती पहिल्या बसने येते आणि दहाच्या आत परत जाते.

आपली,
साखळी बाजारात अर्ज भरून देणारी एक बाई